पाचवं कडवं

राणीसाहेब आमच्या टर्नो बेटावर चाळीस मिनिटं थांबणार होत्या. त्यातली सहा मिनिटं गाण्याची, आणि गाणं रचलं होतं मी. आमच्याकडे कुणाचा साठावा वाढदिवस असो की बोटीचा नवा धक्का, ओळखीच्या चालीवर नवं गाणं रचायचं, छापलेले कागद सगळ्यांच्या हाती द्यायचे आणि एका सुरात नाही तरी एकदम गायचं.

पाचव्या कडव्यात मी आमची आठ मुलांची शाळा घातली होती. सुट्टीनंतर ती बंद करायचा घाट पलीकडच्या किनाऱ्यावरच्या नगरपालिकेने घातला होता. शाळा गेली की मुलांची घरं जाणार, मग दुकान जाणार आणि आम्ही म्हातारे कोंबड्यांशी गप्पा मारत बसणार.

सकाळीच दरबारचे अधिकारी फाल्केनस्कोव्ह आले, कागद वाचला आणि म्हणाले, "बोडिलबाई, हे शेवटचं कडवं काढा. राणीसाहेबांना अशा वादात मत देता येत नाही. नुसत्या गायल्या तरी उद्या पेपरात येईल."

"मग त्या येतात तरी कशाला?"

"तुमच्या धक्क्याची फीत कापायला."

मला असा राग आला! पण कात्री घेतली आणि ऐंशी कागदांची शेपटं कापली. राणीसाहेबांची खास प्रत, जाड कागदाची, लाल-पांढऱ्या दोरीची, तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या बशीशेजारी ठेवली होती. ती माझ्या डोक्यातून साफ गेली.

राणी इलारिया इटलीच्या, लग्न होऊन आमच्या देशात आल्या त्याला अकरा वर्षं झाली. ओळीखाली बोट ठेवून त्या मन लावून गात होत्या. चौथं कडवं संपलं आणि आम्ही सगळे गप्प झालो. त्यांनी मात्र पुढचा श्वास घेतला, "शंभरीला टेकली" एवढं एकट्याच गायल्या आणि थांबल्या.

फाल्केनस्कोव्ह कानापर्यंत लाल. राणीसाहेबांनी उरलेलं कडवं मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचलं.

"शाळेला शंभर वर्षं कधी होतात?" त्यांनी मला विचारलं.

"तीन वर्षांनी, ऑगस्टात."

"समारंभ कराल?"

"करू की. शाळा जर..."

फाल्केनस्कोव्ह खाकरले. मी जीभ चावली.

"मला बोलवाल?"

"अहो, आत्ताच बोलावलं समजा."

"मग लिहून घ्या, फाल्केनस्कोव्ह. मी येणार." आणि शेजारी बसलेल्या नगराध्यक्षांपुढे केकची बशी सरकवत त्या म्हणाल्या, "तुम्ही तर असालच."

आमंत्रण घेणं म्हणजे काही मत देणं नव्हे. फाल्केनस्कोव्हांनी वही काढली आणि शांतपणे तारीख टिपली. खाली रेघसुद्धा मारली.

बोट गेल्यावर नगराध्यक्ष माझ्या टेबलापाशी घुटमळले. "बोडिल, त्या समारंभाला मुलं किती असतील गं?"

"आठ. कदाचित दहा. शाळा राहिली तर."

त्यांनी टोपी दोनदा फिरवली. "राहायलाच हवी आता," ते पुटपुटले.

मी पाठ फिरवून कप गोळा करू लागले, कारण मला रडू आवरेना. मग टोपलीतली कापलेली शेपटं काढून हाताने सरळ केली आणि फडताळात ठेवली. तीन वर्षांनी ऑगस्टात लागतील.