उजवीकडची एसटी

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये गराज असतं ते गाडीसाठी, हे धर्मराज रामटेकेला बहुतेक कोणी सांगितलंच नव्हतं. दोन हिवाळे त्याची बायको जागृती ड्राइव्हवेमध्ये कुडकुडत गाडीच्या काचा खरवडायची, आणि हे साहेब आत हीटर लावून प्लायवूडच्या टेबलावर धानाची रोवणी करत बसायचे.

धान म्हणजे जुन्या ब्रशचे केस. माती म्हणजे वापरून वाळवलेली चहापत्ती. "माझ्या चाळणीला हात लावलास तर बघ," असं जागृतीने कितीदा बजावलं, तरी चाळणी सापडायची ती गराजमध्येच.

नागभीडच्या अलीकडचं आपलं गाव धर्मराज सत्त्याऐंशी पट लहान करून बांधत होता. मधून जाणारी छोट्या लाइनची गाडी, जी आता बंदच झाली. रेल्वेचं फाटक, त्याच्या बाजूची चिंच, बांधावरचे पळस, चौकातला पंचशील ध्वज आणि निळ्या दाराचं त्यांचं घर. ध्वजाचे पट्टे रंगवताना तो श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मालगाडीचे डबे अमेरिकेत हवे तेवढे मिळतात हो, पण लाल एसटी कुठून मिळणार? ती त्याने मुद्दाम थ्रीडी प्रिंटरवर करवून घेतली.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. गिरजाबाई त्या निळ्या दाराच्या घरात एकट्याच राहायच्या. मागच्या दोन खोल्यांना कुलूप, कारण त्या धर्मराजसाठी राखलेल्या. "पुढच्या वर्षी कायमचे येतो, माय," हे तो दर दिवाळीला फोनवर सांगायचा, आणि गिरजाबाई दर पावसाळ्याआधी खोल्या उघडून, झाडून पुन्हा बंद करायच्या. इकडे त्यांच्या भावाचा मुलगा प्रितम गावातच भाड्याच्या एका खोलीत बायको आणि दोन लेकरांसह दाटीवाटीने राहत होता. त्याने खोल्या मागितल्या होत्या.

एप्रिलमध्ये घराच्या किल्ल्या प्रितमकडे ठेवून गिरजाबाई मॉरिसव्हिलला आल्या. दुसऱ्याच दिवशी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "धर्मा, एकदाचं सांग बाप्पा. येऊन राहिला का नाही? नसशील येत तर प्रितमला हो म्हणते."

"नको, माय! येतोय ना आम्ही," धर्मराज घाईने म्हणाला. जागृती कप उचलून आत निघून गेली. "तुझा विश्वास नाही ना, माय? चल, दाखवतो मी गाव विसरलोय का ते."

त्याने गराजचा दिवा लावला. गिरजाबाई टेबलाजवळ गेल्या आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. "अगं माय! ही आपली चिंच. हे दार... निळंच केलं रे!" त्यांचे डोळे भरून आले. धर्मराजला तर आभाळ ठेंगणं झालं. त्याने बटण दाबलं. फाटक पडलं, शिटी वाजली आणि छोटी गाडी धानातून डुलत निघून गेली.

गिरजाबाई वाकून फाटकापाशी बघत होत्या.

"ही एसटी कुठं चालली रे?"

"नागभीडला."

"मग या बाजूनं काऊन?"

धर्मराजने वाकून पाहिलं. एसटी रस्त्याच्या उजवीकडे होती. तिच्यामागचा ऑटो उजवीकडे. सायकलवाला उजवीकडे. बैलगाडीसुद्धा, अहो, बैलगाडीसुद्धा उजवीकडे! एसटीचं दार मात्र डावीकडेच, जसं असतं तसं. त्यामुळे टोपली घेऊन उतरणारी म्हातारी, जी त्याने चिमट्याने धरून हौसेने चिकटवली होती, ती भर रस्त्याच्या मधोमध समोरच्या ट्रकपुढे उतरत होती. दोन हिवाळे तो हे रोज बघत होता आणि त्याला काही म्हणजे काही खटकलं नव्हतं.

तेवढ्यात नेत्रा, त्याची तेरा वर्षांची लेक, आत डोकावली. तिने टेबलाकडे एकदा पाहिलं. "व्हॉट्स राँग? लुक्स राइट टू मी," म्हणाली आणि गेलीसुद्धा.

"चुकून झालं, माय. आत्ता काढतो." धर्मराजने पट्टी घेऊन एसटी उचकटायला सुरुवात केली. ग्लू चांगला महागातला होता. एसटी निघाली, पण चाकं रस्त्यावरच राहिली.

गिरजाबाईंनी त्याचा हात धरला. "राहू दे बापू. चुकून नाही झालं. तू इथं राहतोस, म्हणून तसं झालं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. "गाव छान केलं. पण गाडी केव्हाची गेली ना रे? फाटक उघड. लोकं उभी आहेत."

त्याने बटण दाबलं. फाटक वर गेलं.

"आता प्रितमला फोन लाव. मी नाही, तूच सांग."

'पुढच्या वर्षी' हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण हातात बिनचाकाची एसटी, समोर आई. त्याने फोन लावला.

"प्रितम, मी धर्मादादा," तो म्हणाला. "मागच्या खोल्या उघड. लेकरांना घेऊन राहायला ये." मग आईकडे न बघता म्हणाला, "आम्ही नाही येत."