शेंदराचं बोट

जीवराम मिस्तरीने तीस वर्षं धुळ्यात गाड्यांच्या बॉड्या बांधल्या, पण चिकटवून बांधलेली ही पहिलीच. साक्रीच्या माणकचंद शेठला सवाऱ्या वाहायला हलकी गाडी हवी होती: सांगाडा लोखंडी, छप्पर ॲल्युमिनियमचं. या दोघांचं वेल्डिंगने जुळत नाही, आणि रिवेटची भोकं शेठला नको होती. पावसात गळतात म्हणे. मग पुण्याहून दोन डब्यांतला, कालवून लावायचा चिकट मसाला आला आणि तो समजवायला एक इंजिनियर आला. त्याने एकच गोष्ट दहादा बजावली, "तेलाचं बोटसुद्धा लागू देऊ नका. लागलं तर वरून कळणार नाही, पण कधीतरी सुटेल."

जीवरामने थिनरने सांगाडा असा पुसला, की बायको मंजुळाबाई म्हणाली, घरातले देव कधी एवढे घासले नाहीत. मसाला लागला, छप्पर बसलं, शिकंजे आवळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात धुताना त्याला नखात शेंदूर दिसला.

छप्पर बसतं त्या पट्टीला चारी कोपऱ्यांत तेलातला शेंदूर लावायचा, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. रिवेटला त्याने काय होणार? या वेळीही हात आपसूक वाटीकडे गेला होता. मेली सवय!

सकाळी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, शेठचा मुहूर्त. जीवरामने सगळं कबूल केलं. "शेठ, चूक मनी शे. चार रिवेट मारू द्या, नहीतर छप्पर काढी पुन्हा बसाडसू."

शेठने दोन माणसं छपराच्या कडेला लोंबकळवली. छप्पर हललं नाही. "देवाच्या शेंदराने गाडी बिघडते का मिस्तरी? सणासुदीला शुभ बोला. पहिल्याच फेरीत तुमची लेक भागा माहेरी आणतो."

सांधा कच्चा आहे हे तो तोडूनच दाखवता येतं, आणि किल्ली शेठच्या हातात होती. गाडी गेली. जीवराम जेवलाही नाही, रस्त्यावर उभा राहिला.

दुपारी गाडी आली. भागाबाई हसत उतरली. "आबा, तुमनी गाडी भारी शे! छप्परवर धा मानसं बठेल व्हतात, तरी जरासं बी हालनं नही!"

त्याने लेकीला पोटाशी धरलं. तोवर गाडी वळली होती आणि टपावर नवी माणसं चढून बसली होती. "उतरा रे, उतरा!" जीवराम ओरडत मागे धावला.

वरून एक म्हातारा हसून ओरडला, "घाबरू नका मिस्तरी, तुमनं काम शे!"