राखेने घासलेले गाडगे

मित्रांनो, आटपाडीच्या वाटेवर एका वस्तीच्या मागे, बोरीच्या बुडाशी एक काळपट गाडगे पालथे पडले आहे. काठाचा टवका उडालेला. ते गाडगे मीच. मला सुलटे करू नका. माझ्याजवळ बसलात आणि दोन गोष्टी ऐकल्यात, तरी पुष्कळ झाले.

यल्लाप्पा कुंभाराने मला घडवले. आमच्याकडची माती भरड, पण त्याने ती चाळून, तुडवून लोण्यासारखी मऊ केली. थापटून थापटून माझे पोट गोल केले आणि आव्यात भाजले. आटपाडीच्या बाजारात याच वस्तीवरच्या बनुबाईने मला टिचकी मारून पाहिली. मी खणकन वाजले.

"ह्येच घेते आंबिलीला," ती म्हणाली आणि ओटीतले जोंधळे तिने यल्लाप्पापुढे ओतले.

तेव्हापासून मी आंबिलीचे गाडगे झाले. तिन्हीसांजेला बनुबाई माझ्यात ताकात जोंधळ्याचे पीठ कालवून ठेवायची. रात्रभरात ते आंबायचे. सकाळी लसूण, जिरे आणि मीठ घालून ती ते पितळी पातेल्यात शिजवायची. वरून कांदा. मला मात्र ती कधी राखेने घासत नसे. नुसत्या पाण्याने खळबळायची. माझ्या मातीत आंबटपणा मुरला होता. तोच माझा जीव, आणि बनुबाईला ते ठाऊक होते.

त्या आंबिलीने माणूस निवायचा. बांधावरून भांडून बनुबाईचा नवरा केरबा तरातरा घरी आला, कुऱ्हाड शोधू लागला, की बनुबाई त्याच्यापुढे वाटी सरकवायची.

"आवं, आधी ही प्या, मग खुशाल कुणाची मान तोडा."

केरबा प्यायचा, कपाळाचा घाम पुसायचा आणि भिंतीला टेकून घोरू लागायचा. ओली बाळंतीण असो, झोप उडालेला म्हातारा असो, वस्तीवरचे कुणी ना कुणी वाटी घेऊन यायचेच. माझे कौतुक करायचे. मला वाटायचे, जगातली सगळी काळजी आंबिलीत विरघळते.

बनुबाईचा मुलगा कृष्णात पलटणीत होता. सुट्टीवर आला की तो चुलीपाशीच बसायचा.

"आई, पलटणीत समदं मिळतं बघ, पर ह्या गाडग्यातलं आंबट न्हाई मिळत."

"मग न्या की गाडगंच बिस्तऱ्यात बांधून," त्याची बायको शालूबाई पदराआडून हसत म्हणाली.

"गाडगं नेलं तर तुला कोण संभाळंल गं?"

ते त्याचे शेवटचे येणे. एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई झाली. लढाई संपली, पण कृष्णात आला नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. सापडत नाही, एवढेच कळले.

शालूबाईने अंथरूण धरले नाही. ती सगळी कामे करायची. पण भाकरीचा तुकडा तोंडात घातला की तो तोंडातच फिरायचा. रात्री दचकून उठून बसायची. फक्त आंबील तिच्या घशाखाली उतरायची. प्याल्यावर तिला घटकाभर डोळा लागायचा. बनुबाई तिच्याजवळ बसून एकेक घोट पाजायची. सुनेचा जीव आता माझ्या पोटातल्या आंबटावर टिकून होता.

मग पावसाने पाठ फिरवली. गुरे छावणीत गेली, ताक संपले. केरबा आणि बनुबाई तलावाच्या कामावर माती वाहू लागली. घरात मिलोचे, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी जोंधळ्याचे, तांबडे पीठ आले. बनुबाईने ते साध्या पाण्यात कालवून माझ्यात ओतले आणि हात जोडले. मित्रांनो, त्या रात्री मी माझे सारे बळ लावले. मातीत मुरलेला आंबटपणा थोडा थोडा बाहेर सोडला. सकाळी शालूबाईने वाटी तोंडाला लावली.

"आत्याबाई, ताक कुठलं आणलंसा?"

बनुबाई पदराने डोळे पुसत हसली.

उन्हाळ्यात वस्तीवरचा लालासाहेब रजेवर आला. तो कृष्णातच्याच तुकडीत होता. शालूबाई लांब पाण्याला गेलेली पाहून तो आत आला आणि उभ्यानेच बोलला.

"तात्या, आशा धरू नका. त्याला पडल्यालं म्या डोळ्यांनी बघितलं."

केरबा खाली बसला. बनुबाईने तोंडात पदर कोंबला. मग ती म्हणाली, "सुनंला ह्यातलं कळता कामा न्हाई. पाऊस पडू दे, तिच्या अंगात जरा बळ येऊ दे, मग मीच सांगंन."

पण बनुबाईची थोरली जाऊ राहीबाई शेजारीच राहायची. तिला सांगणे भागच होते. आमच्याकडे घरात सुतक आले की मातीची भांडी बाहेर टाकतात, फोडतात.

"बनू, रीत हाय ही. गाडगं टाकाय पायजे."

"गाडगं टाकलं तर पोरीला कळंल, आक्का. आन् खाईल काय ती?"

राहीबाई वाईट नव्हती. कृष्णातला तिनेच अंगाखांद्यावर खेळवले होते. तिने विचार केला आणि मधला मार्ग काढला. "मग टाकू नगंस. राखंनं घासू, इस्तवावर धरू. शुद्ध झालं म्हणायचं. रीत बी राहिली, आन् गाडगं बी राहिलं."

बनुबाईने नुसती मान डोलावली. दुःखाने तिला काही सुचत नव्हते, नाहीतर राखेने माझा आंबटपणा जाईल हे तिच्या ध्यानात आले असते.

राहीबाईने मला राखेने आतून बाहेरून खसाखसा घासले. निखाऱ्यांवर पालथे घातले. यल्लाप्पाच्या आव्यात मी जन्मले होते, राहीबाईच्या निखाऱ्यावर मी मेले. शालूबाई घागर घेऊन परत आली तेव्हा मी जागच्या जागी होते.

रात्री पीठ कालवले. मी धडपडले. पण माझ्यात काहीच उरले नव्हते. सकाळी शालूबाईने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"ही आंबील न्हाई, आत्याबाई. नुसती पेज हाय."

ती उठून माझ्याजवळ आली. माझ्या आत हात फिरवला. बोटांना राख लागली. त्या बोटांकडे ती बघत राहिली.

"गाडगं शुद्ध केलंसा," ती हळू म्हणाली. "म्हंजी आमचं धनी गेलं. समद्यास्नी ठावं हाय, फकस्त मलाच न्हाई."

बनुबाईने तिला मिठी मारली. "पोरी, तू खावंस म्हणून लपिवलं गं!"

शालूबाई रडली नाही. त्या दिवसापासून तिने वाटी तोंडाला लावली नाही. सासूच्या हातचा घास ती मुकाट्याने परत करायची. तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. त्या पावसाळ्यात चांगला पाऊस झाला, गुरे परतली. बनुबाईने पहिले ताक माझ्यात ओतले. हळूहळू मी पुन्हा आंबू लागले. ती मला घेऊन सुनेकडे निघणार, तोच शालूबाई गेल्याचा निरोप घेऊन तिकडून माणूस आला.

या वेळी कुणी वाद घातला नाही. बनुबाईनेच मला उचलून मागे आणले. रीतीप्रमाणे फोडायचे होते. तिने हात उगारला, माझा काठ दगडाला लागला, पण पुढे तिचा हात चालला नाही. तिने मला पालथे ठेवले आणि ती गेली. पुन्हा तिने आंबील केली नाही.

मित्रांनो, आंबील गुणाची आहे, ताक गुणाचे आहे, मन निववणारे पुष्कळ काही तुमच्या चुलीपाशी आहे. पण ज्याला वाटी द्याल त्याच्यापासून खरे लपवू नका. त्याच्याजवळ बसा, खरे सांगा, आणि मग घास भरवा. मला हे आता कळते आहे, आणि त्याचा उपयोग आता कुणालाच नाही.

पाऊस येतो तेव्हा माझ्या पाठीवर वाजतो. पोटात मात्र थेंबही येत नाही.