पेटंटचं पाणी

जिन्याखाली एवढी गर्दी होती की मला वाटलं, इमारतीतलं कोणी गेलं. डोकावलो तर टेबलावर पाण्याचे दोन ग्लास आणि मागे टाय लावलेला विक्रेता.

"हे तुमच्या नळाचं पाणी!" टायवाल्याने विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या सळ्या ग्लासात बुडवल्या. स्वच्छ पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग थेट गटाराचं. बघणारे मागे सरले.

"आणि हे आमच्या पेटंट मशीनचं!" त्याच सळ्या बुडवूनही दुसऱ्या ग्लासातलं पाणी जसंच्या तसं राहिलं.

"पेटंट!" आमच्या सोसायटीचे चेअरमन अशा भक्तिभावाने पुटपुटले की मी नकळत चपला काढणार होतो.

"इतर लोक पाणी गाळतात, सर. आम्ही पाण्याला त्याची मूळ ओळख परत देतो!"

पाण्याची ओळख हरवल्याचं आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिल्या मजल्यावरची सून बाळाला कडेवर घेऊन उभी होती. वर्षाचं पोर रडून रडून घसा बसवून बसलं होतं. "दुपारी यांनी माझ्या घरी हेच दाखवलं," ती म्हणाली. "तेव्हापासून बाळाला पाण्याचा थेंब दिलेला नाही. मागे त्याचं पोट बिघडलं होतं, ते माझ्यामुळेच का हो?"

"ताई, मी काही बोलत नाही. ग्लास बोलतोय."

"पण घरात फिल्टर आहे. साधाच, पाणी गाळायची कुठल्याही दुकानातली कँडल बसते त्याला."

"तिथेच चुकता! कोणाचीही बसते म्हणजे जबाबदारी कोणाचीच नाही. आमच्या मशीनला फक्त आमचीच बसते. पेटंट आहे!"

त्याने काचेत मढवलेला पेटंटचा कागद उंच धरला. मला छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. वाचलं, आणि बायकोच्या कानाशी लागलो. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"अगं, यात पाण्याबद्दल अक्षरही नाही. कँडल बसवायच्या खाचेचं पेटंट आहे. आणि त्या सळ्यांतली एक मला लोखंडाची वाटते. पण माझं चुकत असेल."

"चुकलात तर काय होईल? ग्लासभर पाणी वाया जाईल. बोला ना!"

मी तोंड उघडलं. मग मिटलं आणि पुन्हा तो कागदच वाचू लागलो. तिने माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि सुनेच्या स्वयंपाकघरातून मीठ घेऊन आली.

"दादा, तुमच्या शुद्ध पाण्यात हे चिमूटभर टाकते."

"नको, मावशी! पाणी अशुद्ध होईल!"

"मिठाने? मग आम्ही रोज जेवणात काय विष खातो?"

गर्दी हसली. तिने मीठ टाकून ढवळलं आणि सळ्या स्वतःच बुडवल्या. क्षणभर काही नाही. मग त्या शुद्ध पाण्याने असा रंग धरला की नळाचा ग्लास त्याच्यापुढे सोज्वळ वाटावा.

"आता तुमचा ग्लास काय बोलतोय?" तिने विचारलं.

टायवाला टाय सैल करू लागला.

"नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज वाहते," ती सांगू लागली. "विजेने लोखंडाची सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. यांच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेत, म्हणून तिथे काही होत नाही. घाण पाण्यात नाही, सळईत आहे."

"पण पेटंट तर खरं आहे ना?" चेअरमन कळवळून म्हणाले.

"खरंच आहे. ती खाच दुसऱ्या कोणी बनवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. मशीन कामाचं आहे, असा नाही. उद्या कँडल दुप्पट महाग केली तरी यांच्याच दारात उभं राहावं लागेल, ही मात्र पक्की सोय."

सून रडू आवरत होती. "मग मी बाळाला घाण नाही पाजली?"

"ही घाण तर नक्कीच नाही. पाण्यात जंतू आहेत का, ते प्रयोगशाळेत कळतं, या सळईने नाही. नळाच्या पाण्याची बाटली उद्याच देऊ तपासायला. तोवर उकळून गार केलेलं पाज. आमच्याकडे तयार आहे."

सून बाळाला घेऊन आमच्या घरी आली. बाळाने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि अर्धं पाणी अंगावर सांडत घटाघटा प्यायलं.

बाहेर टायवाला आवराआवर करत होता. चेअरमन त्याला हळूच विचारत होते, मशीन निळ्या रंगात मिळतं का. त्यांच्यासाठी माझ्याकडे उपाय नाही. बाकीच्यांना एवढीच विनंती: कागद दाखवला तर वाचा, चमत्कार दाखवला तर त्यात चिमूटभर मीठ टाकून बघा. आणि कोणी मूल तहानलेलं ठेवण्याइतकं घाबरवलं, तर आधी मुलाला पाणी द्या, मग त्या माणसाला जाब विचारा.