माळाची सही

मार्गशीर्षातला माळ. कुसळ गवत पिकून पिवळं, पवन्या गवत तांबूस, आणि दोन्हींवर सांडलेलं मावळतीचं केशर. वाऱ्यावर झुलणारं, क्षितिजापर्यंत पसरलेलं ते सुवर्णवर्णी तृणराज्य. सरकारी दप्तरात त्याचं नाव एकच : पडीक.

पडीक! हा शब्द लिहिणाऱ्याने इथे एक तरी संध्याकाळ काढली होती का?

सरकारी पाहणीसाठी आलेली शाल्मली कवठेकर तीन दिवस माळावरचे लहान प्राणी नोंदवत होती. गवतात आडव्या ठेवलेल्या पत्र्याच्या नळ्या, आत शेंगदाण्याचा कूट, तेलात खललेलं काजळ आणि कोरा कागद. कूट खायला आलेला जीव काजळात पाय भरवून कागदावरून चालत जाई. काजळ धोंडाक्काने एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. धोंडाक्का इथली मेंढपाळ. तिची शेरडंमेंढरं याच गवतावर जगत.

रोज पहाटे कागद उमलत. रानउंदरांची पावलं, चिचुंद्रीची पावलं, श्यामल, सूक्ष्म, तिळाएवढी.

आणि आज दुपारी ते सगळे कागद धोंडाक्काच्या शेळीने खाल्ले. कुटाचा वास लागलेले, तिन्ही दिवसांचे, एकूण एक.

"माझ्याच शेरडानं घात केला गं लेकी," धोंडाक्काने कपाळावर हात मारला.

शाल्मलीजवळ एकच कागद उरला. कचेरीतल्या साहेबांनी आधीच भरून पाठवलेला नमुना : 'लहान वन्यप्राणी : निरंक.' खाली तिच्या सहीची जागा. तो उद्या सकाळी कचेरीत पोचला, की माळ खणून इथे कारखाना उभा राहणार होता. साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, उंदरांसाठी कुणी अडून बसतं का? करा सही आणि सुटा."

तिला रडू आलं नाही. राग आला. लालबुंद, धगधगता, पायाच्या नखापासून मस्तकापर्यंत राग.

"अक्का, काजळ आहे का अजून?"

"हाय की. पर कागूद कुठाय?"

तिने तो नमुना उलगडला आणि नळीत अंथरला. धोंडाक्काने शेळी तेवढी बाभळीला करकचून बांधली.

पहाट झाली. दहिवराने भिजलेलं, रुपेरी, निःशब्द गवत. शाल्मलीने नळीतून कागद ओढला.

'निरंक' या शब्दावरूनच कुणीतरी चालत गेलं होतं. पुढची चार बोटांची, मागची पाच बोटांची, काळीभोर, ठसठशीत पावलं. सहीच्या जागेवर तो जीव थांबला होता, वळला होता, पुन्हा चालला होता. तिथे आता दुसऱ्या कुणाला सही करायला जागा नव्हती.

मग तिने समासात लिहिलं : साक्षीदार, शाल्मली कवठेकर.

"माझंबी घे," धोंडाक्का म्हणाली. काजळात डावा अंगठा बुडवून तिने तो पावलांशेजारी टेकवला.

सूर्य वर आला. गवत पेटल्यासारखं झळाळलं. आणि ती दोघींची, तिघांची, साऱ्या माळाची सही वाऱ्यावर फडफडत वाळू लागली.