टिंबानंतरचे आकडे

त्याने १.९४ टाकून एंटर दाबलं आणि तक्ता उघडून पाहिला. तिथे २ होते. मग १.७८ टाकलं. पुन्हा २.

फोन कानालाच होता. पलीकडे नवजात कक्षातल्या सिस्टर होत्या.

"दिसलं का काही?"

"दिसतंय. टिंबानंतरचं सगळं गळतंय, जवळचा पूर्ण आकडा तेवढा राहतोय."

"अहो, काट्यावर बाळाचं वजन रोज वाढतंय आणि तुमच्या स्क्रीनवर आपले दोनच्या दोन! मोठे डॉक्टर आलेख बघतात. म्हणाले, काटा आणि स्क्रीन, दोघांपैकी एक खोटं बोलतंय, कोण ते आधी ठरवा. तोवर घरी सोडायचं नाही. आई इकडे रडून अर्धी झालीय."

"संध्याकाळपर्यंत करतो."

"करा दादा. वहिनी असत्या तर..." सिस्टर थांबल्या. "ठेवते."

वहिनी म्हणजे त्याची बायको. तक्ते तिने बनवायचे, प्रोग्रॅम त्याने लिहायचा, अशी त्यांची वाटणी होती. जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसायची. अडलं की तो मान वर न करता विचारायचा, ती मान वर न करता सांगायची. त्यामुळे लिहून ठेवायची वेळच कधी आली नाही. या कक्षाचे तक्ते तिने शेवटच्या आजारपणात, उशीला टेकून केले होते. प्रोग्रॅम त्याने नंतर लिहिला, एकट्याने.

वजनाचा रकाना तिने पूर्ण संख्येचा ठेवला होता. तान्ह्या बाळाच्या वजनाला पूर्ण संख्या! तो दशांशाचा करायला एक ओळ पुरली असती. त्याने ती लिहिली, पण चालवली नाही. उठून चहाचं पाणी ठेवलं. असली चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती. औषधं जोरात चालू होती तेव्हा. 'मला सगळं सुचतंय, तू तुझं बघ,' असं म्हणायची ती. पाणी आटलं तरी तो गॅसपाशीच उभा होता.

परत येऊन त्याने तिचे बाकीचे तक्ते उघडले. आणखी कुठे कुठे चुकली होती, ते बघणं भाग होतं. दूध, पूर्ण संख्या. ताप नोंदायचा रकाना दशांशाचा, बरोबर. मग इशाऱ्याच्या मर्यादा आल्या. या त्याने कधी उघडल्याच नव्हत्या, प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या घातल्या होत्या. कमी वजनापुढे तिने लिहिलं होतं, १५००.

त्याने खुर्ची पुढे ओढली. ती ग्रॅममध्ये मोजत होती. ग्रॅमला टिंब लागतच नाही. "टिंब म्हणजे कानातल्याची फिरकी," ती म्हणायची. "कधी पडली कळत नाही." किलो त्याने आपल्या मनाने धरले होते.

लिहिलेली ओळ त्याने खोडली. आपल्या प्रोग्रॅममध्ये वजनाला हजाराने गुणलं, दाखवताना भागलं. काट्यात साठलेली आधीची वजनं पुन्हा ओढून घेतली. आलेखाची रेघ वर चढली.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"सोडलं हो दादा! आईने पिशवी भरलीसुद्धा. कुठे होती चूक?"

"माझी होती," तो म्हणाला. "सगळी माझी. तिची काहीच नव्हती."

चूक कबूल करताना इतका खूश आवाज सिस्टरांनी कधी ऐकला नव्हता.

प्रत्येक रकान्याशेजारी शेऱ्यासाठी जागा असते. त्या दोघांनी ती कधी वापरली नव्हती. वजनापुढे त्याने लिहिलं, ग्रॅम. दुधापुढे, मिलिलिटर. मग एकेक रकाना घेत तो पुढे गेला. शेवटच्या तक्त्यात एक रकाना होता, नुसता 'फेरी' नावाचा. कसली फेरी, डॉक्टरांची की दुधाची, काही केल्या उलगडेना. प्रोग्रॅममध्ये तो कुठेच लागत नव्हता. काढून टाकला असता तरी काही बिघडलं नसतं.

त्याने शेऱ्यात लिहिलं, माहीत नाही. आणि रकाना राहू दिला.