मांडीवरचा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे. मित्रांनो, टॉवेलाला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून नाक मुरडू नका. तुमची नाकं आम्हीच पुसली आहेत.

माझा जन्म यंत्रमागावर झाला. माझ्या निळ्या पट्ट्या अशा उठून दिसत, की दुकानदार गिऱ्हाइकांना आधी मलाच उलगडून दाखवायचा. शेवटी एका घरातल्या धाकट्या सुनेने मला विकत घेतलं. त्या घरात दोन जावा. थोरलीकडे स्वयंपाकघर, धाकटीकडे धुणंभांडी आणि परसातल्या कोंबड्या. मी न्हाणीघरातल्या खुंटीवर राहू लागलो. पाहुणे आले की मला पुढे करत, आणि "किती मऊ आहे हो," असं कुणी म्हटलं की मी फुलून जाई. पण धाकटीच्या नवऱ्याचं गॅरेज. एके दिवशी त्याने ग्रीसचे हात मला पुसले आणि माझी रवानगी मागच्या दारच्या खिळ्यावर झाली.

तिथून मला कोंबड्या दिसत. माणूस दिसला की त्या जीव घेऊन पळत. थोरली त्यांना कोपऱ्यात गाठून पाय धरून उलट्या उचलायची, तेव्हा त्यांचं काही चुकत नव्हतं. एकदा एकीच्या पायात काच रुतली. धाकटी दिवसभर तिच्यामागे धावली, पण ती हाती लागेना. पाय सडून बिचारी मेली. त्या दिवशी धाकटीने ठरवलं, कोंबड्यांना हाताची सवय लावायचीच, म्हणजे दुखलंखुपलं तर निदान उचलता तरी येतील.

मग तिने मला खिळ्यावरून काढलं. रोज दुपारी ती मला मांडीवर पसरून धुण्याच्या दगडावर बसायची, माझ्यावर मूठभर दाणे टाकायची आणि हात गुडघ्यावर ठेवून गप्प राहायची. सुरुवातीला कोंबड्या लांबूनच माना वाकड्या करून बघत. मग ठिपकी नावाची एक धीट कोंबडी माझ्या काठावरचा दाणा टिपून पळाली. तिचं बघून बाकीच्याही आल्या. धाकटी हात कधी वरून न्यायची नाही, कारण वरून येते ती घार. ती हात खालून, छातीखाली न्यायची. मग माझं एक टोक हळूच त्यांच्या डोळ्यांवर ओढायची. अंधार झाला की कोंबडीला वाटतं रात्र झाली, आणि ती निमूट बसते. तशीच बसवून धाकटी त्यांचे पाय तपासायची, पिसांतल्या उवा काढायची.

थोरलीला हे बघून हसू आवरत नसे. "काय गं, मांडीवर जोजवतेयस. उद्या अंगाई म्हणशील," असं ती म्हणायची. धाकटी पुढच्या कोंबडीचे पाय तपासायला घ्यायची.

महिन्या-दोन महिन्यांत अशी गत झाली, की मी खिळ्यावरून निघालो की कोंबड्या धावत येत. मित्रांनो, मला फार गर्व झाला. अंगावर शिटा पडत होत्या, तरी वाटे, न्हाणीघरात कुणी माझी अशी वाट पाहिली होती का? कोंबड्या धाकटीला नव्हे, मला ओळखतात हे मला कळलं होतं आणि त्याचा मला आनंदच होता. गर्वाचं घर खाली, ते मला लवकरच दिसलं.

धाकटीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती माहेरी गेली. तेवढ्यात थोरलीचा भाऊ बायकापोरांसह राहायला आला. थोरलीने मला खिळ्यावरून काढलं, मांडीवर पसरलं आणि ती दगडावर बसली. कोंबड्या आल्या. पहिली येऊन बसली, थोरलीने माझं टोक तिच्या डोळ्यांवर ओढलं, आणि ती निमूट झाली. विळी बाजूलाच होती. मला ओरडायला तोंड नाही. पाहुणे राहिले तितके दिवस हे रोज चाललं, आणि रोज उरलेल्या कोंबड्या मला बघून धावत आल्या.

धाकटी परतली तेव्हा मी स्वच्छ धुऊन दोरीवर वाळत होतो. थोरलीने तिचं अगदी मनापासून कौतुक केलं.

"तुझं मात्र मानलं हं. इतकी वर्षं मी त्यांच्यामागे धावून दमले. आता नुसता टॉवेल घेऊन बसले, तर आपणहून मांडीवर. एक फडफडली नाही."

"सगळ्या?" धाकटीने विचारलं.

"ठिपकी खुडूक बसलीय अंड्यांवर. तिच्या अंगावर आत्ता आहे काय? उठू दे, मग बघू."

पिल्लं निघाली आणि ठिपकी उठली, त्या दुपारी धाकटी मला घेऊन दगडावर बसली. ठिपकी मांडीवर आली. धाकटीने तिला छातीशी धरलं, खूप वेळ धरलं. मग खाली ठेवलं, मला पाण्यात बुडवून पिळलं आणि तिच्या पाठीवर हाणलं.

ठिपकी दोन पावलं पळाली आणि परत आली. तिला वाटलं, काहीतरी चुकून लागलं असेल. धाकटीने पुन्हा हाणलं. ती पुन्हा आली. हे रोज चाललं. जो हात तिला मांडीवर घ्यायचा, त्याच हाताने धाकटी तिला मारत होती आणि पदराने स्वतःचे डोळे पुसत होती. शेवटी एकदा मी नुसता दिसलो आणि ठिपकी पिल्लांना घेऊन किंचाळत कुंपणापलीकडे गेली.

थोरली अधूनमधून मला घेऊन दगडावर बसते. कुणी येत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, प्राणी जपा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी एवढंच सांगतो, कुणाला माणसांची सवय लावण्याआधी आपल्या घरात कोण कोण राहतं ते बघा. ठिपकी आता पेरूच्या झाडावर झोपते. धाकटी संध्याकाळी झाडाखाली दाणे टाकते आणि आत जाऊन दार लावते, कारण ती दिसत असेपर्यंत ठिपकी खाली उतरत नाही.